एका तारखेपायी गेलेला वारा

जहाजाच्या डेकवर हेलिकॉप्टर कुठल्या वाऱ्यात उतरू शकतं आणि कुठल्या नाही हे ठरवायच्या ज्या चाचण्या असतात, त्यात वारा मोजायचं काम आमच्याकडे आलं होतं. आमची कंपनी म्हणजे रबाळे एमआयडीसीतला एक गाळा आणि मोजकी माणसं. सेन्सर, केबल, लॉगर, खाऱ्या पाण्यात टिकणारे बॉक्स, हे आमचं रोजचं काम. लिहून ठेवतेय कारण असं काम पुढे अजून कुणाला तरी मिळणार आणि तेही समुद्राची, वादळाची, डोलणाऱ्या डेकचीच तयारी करत बसणार. आम्ही यातल्या कशातच अडकलो नाही. एका कागदावर एक तारीख छापलेली नव्हती, तिच्यासाठी अडकलो, त्यात पावसाळा गेला आणि पावसाळ्याबरोबर वारा गेला. अजून आठवलं की डोकं तापतं.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर एवढं चिडायला काय झालं ते कळणार नाही. या मर्यादांना शिप हेलिकॉप्टर ऑपरेटिंग लिमिट्स म्हणतात, बोलताना सगळे शोलच म्हणतात. शेवटी हातात येतो तो एक गोल तक्ता. मधून बाहेर जाल तसा वाऱ्याचा वेग वाढत जातो, नॉटमध्ये (म्हणजे ताशी समुद्री मैल), आणि कोन म्हणजे वारा जहाजाच्या कुठल्या बाजूने येतोय ते. डावी बाजू रेड, उजवी ग्रीन. त्यावर एक वेडीवाकडी रेषा असते, रेषेच्या आत वारा असेल तर उतरा, बाहेर असेल तर नाही. प्रत्येक जहाज आणि प्रत्येक हेलिकॉप्टर यांच्या जोडीचा तक्ता वेगळा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. चेतक आणि सी किंग ही दोन हेलिकॉप्टरं घ्या, चेतकचा रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि सी किंगचा उलटा, म्हणजे एकाला जी बाजू जड जाते ती दुसऱ्याला हलकी. त्या जड बाजूच्या वाऱ्यात नाक सरळ ठेवायला शेपटीच्या पंख्याला जास्त जोर लावावा लागतो, तो पंखा सांभाळणारं पायाखालचं पेडल टोकापर्यंत जायला लागतं आणि साधारण १० टक्के तरी शिल्लक राहिलं पाहिजे असं धरतात.

आमचं काम जहाजाच्या नाकाडावर एक खांब उभा करून त्यावर अल्ट्रासोनिक अ‍ॅनिमोमीटर (वारा मोजायचं यंत्र) लावायचा, उड्डाणं सुरू व्हायच्या आधी दुसरा घेऊन मागच्या डेकवर जागोजागी वारा मोजायचा, आणि रोल पिच, म्हणजे जहाजाचं आडवं-उभं डोलणं, नोंदवणारा सेन्सर बसवायचा. जहाजाचा स्वतःचा वारामापक असतो मास्टवर, पण त्याच्या आजूबाजूला एवढं लोखंड असतं की वारा तिथे पोचेपर्यंत वळलेला असतो. पायलटला सांगतात तो आकडा त्याच मापकाचा, म्हणून तो किती चुकतो हे कुणीतरी मोजायला लागतं.

तर कागद. आमचा अ‍ॅनिमोमीटर एका मान्यताप्राप्त लॅबमध्ये कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडे किती बरोबर दाखवतो ते तपासायला, गेला होता. काम त्यांनी चोख केलं, विंड टनेलमध्ये सगळे वेग तपासले, सर्टिफिकेट आलं, मोजमापातली अनिश्चितता वगैरे सगळं व्यवस्थित. आम्ही उपकरणांची यादी आणि सर्टिफिकेटं एका कचेरीत जमा केली, तिथून मंजुरी आल्याशिवाय बॉक्स जहाजाजवळ जात नाही. फाईल परत. शेरा एकच, पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख नाही.

मी लॅबला फोन केला. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, ड्यू डेट आम्ही टाकत नाही, १७०२५ मध्ये अलाऊड नाही." १७०२५ म्हणजे अशा लॅबसाठीचं आयएसओ/आयईसी मानक. मी कचेरीत तसं सांगितलं. तिथले म्हणाले, "मॅडम, ते त्यांचं झालं. आमच्या फॉरमॅटमध्ये कॉलम आहे, कॉलम रिकामा ठेवून मी पुढे कसं पाठवू?" आता दोघांशी भांडता येईना कारण दोघं आपापल्या जागी नियमानेच बोलत होते, फक्त त्यांचं एकमेकांशी बोलणं माझ्या तोंडून चाललं होतं आणि प्रत्येक वेळी ठाण्याहून मी निघायचं.

आम्ही कंपनीच्या लेटरहेडवर लिहून दिलं की आम्ही हे उपकरण वर्षातून एकदा कॅलिब्रेट करतो, म्हणून तारीख अमुक. चालणार नाही, उत्पादकाचं पत्र आणा. उत्पादक परदेशात, त्यांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या, मेलला ऑटो रिप्लाय. शेवटी पत्र आलं तर त्यांनी सेन्सरच्या ऐवजी लॉगरचा सिरियल नंबर टाकलेला. परत मेल, परत वाट. तोवर गणपती आले, आणि गणपतीत कुठली सही कुठे मिळते ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

हे सगळं चालू असताना बाहेर काय चाललं होतं ते महत्त्वाचं. ठाणे-बेलापूर रोडवर पाऊस आडवा येत होता, रबाळे स्टेशनपासून गाळ्यापर्यंत छत्री उघडायची सोय नव्हती. रात्री घरी बसून मी समुद्रावरच्या वाऱ्याचे नकाशे बघायचे, किनाऱ्यापासून आत गेलं की पंचवीस-पंचवीस नॉट, आणि आमचा अ‍ॅनिमोमीटर बबल रॅपमध्ये गुंडाळून कपाटात. अरबी समुद्रात जून ते ऑगस्टमध्ये जो नैऋत्येचा वारा असतो तसा मग वर्षभर मिळत नाही.

लोक मला म्हणायचे, वारा नाही तर जहाज पळवा ना, वारा आपोआप लागेल. समोरचा लागेल. हवा स्तब्ध असताना जहाज २० नॉटने गेलं तर डेकवर २० नॉटचा वारा मिळतो, पण तो फक्त समोरून. बाजूचा वारा जहाज तयार करू शकत नाही. ग्रीन ४५ वरून, म्हणजे समोरपासून उजवीकडे ४५ अंशांवरून, ३० नॉट हवे असतील तर त्यातले साधारण २१ नॉट आडवे असतात आणि ते निसर्गानेच द्यायला लागतात, इंजिन कितीही ताणा. म्हणजे तक्त्याचा वरचा भाग कधीही भरता येतो, बाजूचे लांबचे बिंदू फक्त वाऱ्याच्या दिवसांत. कचेरीत मी हे कागदावर बाण काढून समजावलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, पटतंय हो, पण कॉलम."

सुटलं कसं, तर लॅबमध्ये एक वयस्कर टेक्निशियन काका होते, मला सारखं रिसेप्शनला बसलेली बघून ते बाहेर आले. म्हणाले, "पोरी, तो नियम पूर्ण वाचलास का? ७.८.४.३ काढ." काढला. त्यात म्हटलंय की सर्टिफिकेटवर पुढच्या कॅलिब्रेशनची शिफारस नसावी, ग्राहकाशी तसं ठरलं असेल तर चालेल. ग्राहक आम्हीच! लॅबच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता म्हणून कुणी विचारलं नाही, आणि फोनवर मला अर्धंच वाक्य ऐकवत राहिले. काकांनी सांगितलं तसा मेल टाकला, कलमाचा नंबर घालून, आणि सुधारित सर्टिफिकेट आलं. तारखेसकट. मी आनंदाने त्यांच्या पाया पडले आणि बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर अक्षरशः रडू आलं, रागाने.

मंजुरी आली तेव्हा ऑक्टोबर. जहाज, हेलिकॉप्टर आणि टेस्ट क्रू तिघं एका वेळी मोकळे मिळायला लागतात, आमची पावसाळ्यातली तारीख कधीच दुसऱ्या कुणाला गेलेली. गेटपास, पोलीस व्हेरिफिकेशन हे सगळं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त लॅपटॉपचा सिरियल नंबर आधीच यादीत द्या. आणि केबल टाय कापले की तुकडे मोजून खिशात. डेकवर सुटी वस्तू म्हणजे रोटरच्या झोतात उडून इंजिनात जाणारी वस्तू, उड्डाणाआधी सगळे रांगेत चालत डेक बघतात आणि त्या रांगेत तुमचा टाय सापडला तर परत कुणी तुम्हाला डेकवर घेणार नाही.

समुद्रावरचं काम मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. मागच्या डेकवर हँगरच्या दाराजवळ आम्ही अ‍ॅनिमोमीटर धरला, वारा समोरून येत होता आणि आमचा मापक दाखवत होता की वारा मागून येतोय. हँगरवरून मागच्या बाजूला गेलेली हवा खाली वळून परत दाराकडे येते, पाम बीच रोडला उंच टॉवरच्या मागे कचरा जसा बिल्डिंगकडेच उडत येतो तसं. आमच्या आकड्यांत ते स्वच्छ दिसलं. पायलटला त्यातूनच खाली यायचं असतं, आणि सेकंदाला दोनदा ते पाच सेकंदांत एकदा या चालीने येणारे झटके त्याला सगळ्यात जास्त दमवतात, त्याहून भराभर आले तर हेलिकॉप्टर तेवढं हलतच नाही, त्याहून सावकाश आले तर सावरायला वेळ मिळतो.

चाचणी मधून बाहेर जाते. आधी जमिनीवर बाजूच्या वाऱ्यात पेडल किती लागतं ते बघून ठेवलेलं असतं, मग जहाजावर सोपा वारा, मग थोडा जास्त, एकेक पायरी, दिवसाचं झाल्यावर रात्र. उतरल्या उतरल्या पायलट आकडा सांगतो, १ ते ५. तीनपर्यंत मान्य, चार म्हणजे फार कष्ट, पाच म्हणजे धोका. सोबत कारणही, झटके, डेकचं हलणं, चिमणीचा धूर, जे असेल ते. आणि आकडा स्वतःसाठी द्यायचा नाही, फ्लीटमधल्या साधारण पायलटला काय वाटेल त्यासाठी द्यायचा. हे ऐकल्यावर मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटला.

समोरचे बिंदू भरले. बाजूचे भरलेच नाहीत, वाराच नव्हता. टेस्ट टीमच्या सरांनी शेवटच्या बिंदूंमधून रेषा ओढली आणि ग्रीनची बाजू आत दबलेली राहिली. अंदाजाने बाहेर नेत नाहीत, नेऊही नये. पण त्याचा अर्थ असा की कदाचित सुरक्षित असलेल्या वाऱ्यातही त्या डेकवर उतरायला बंदी. कॅप्टनला हेलिकॉप्टर घ्यायचं तर जहाज वळवून वारा रेषेच्या आत आणायला लागणार, आणि वर इंधन संपत आलेला पायलट घिरट्या घालत थांबणार. हे एका कॉलमसाठी. ही फाईल टेबलावर ठेवून घेणाऱ्या प्रत्येकाला तो तक्ता दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या पावसाळ्यात परत गेलो आणि बाजू भरली. बरेचसे बिंदू तीनच्या आत आले, रेषा बाहेर सरकली, एका ठिकाणी चार आला तिथे आतच थांबली. तो तक्ता बघताना छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. उलटीची गोळी निघायच्या आधी घ्या, जहाज हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आमच्या टीममधल्या एका मुलाने तेच केलं आणि एक अख्खी पाळी बादलीपाशी काढली. सर्टिफिकेटमध्ये वेग मीटर प्रति सेकंदमध्ये येतो, सोबत नॉटचा तक्ता करून द्या, आणि लॅबची मान्यता तुम्हाला लागणाऱ्या सगळ्यात मोठ्या वेगापर्यंत आहे का ते स्कोपमध्ये, म्हणजे लॅबच्या मान्यतेच्या यादीत, बघा, ५० नॉट म्हणजे जवळपास २६ मीटर प्रति सेकंद. खांबावरच्या सेन्सरची शून्याची खूण जहाजाच्या नाकाशी जुळवून फोटो काढायचा असतो, तो डॉकमध्येच होईल, समुद्रावर होत नाही, आणि कॅमेऱ्याची परवानगी वेगळी घ्यायला लागते.

आणि उपकरण एप्रिलमध्येच लॅबला पाठवा. फॉर्मच्या खाली मोकळी जागा असते तिथे हाताने लिहा, "ग्राहकाच्या विनंतीनुसार पुढील कॅलिब्रेशनची तारीख सर्टिफिकेटवर नमूद करावी, आयएसओ/आयईसी १७०२५ कलम ७.८.४.३", खाली सही, शिक्का, आणि त्या पानाची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.