उतरलेली पट्टी

वारीत दिवे घाटात माझा आवाज बसला. पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा. त्यात घाटाची चढण, उडणारी धूळ, आणि पुढच्या ओळीत टाळ घेऊन सकाळपासून चढ्या सुरात चाललेलं माझं गाणं. माथ्यावर आलो तेव्हा ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणताना ओठ हलत होते, घशातून नुसती हवा येत होती.

सासवडच्या मुक्कामी समाज आरती झाली आणि मी राहुटीत एका कडेला पडून राहिलो. बुवांकडे आठ वर्षं भजन शिकतोय, वारी तिसरी. आवाजच गेला तर मी दिंडीत कशाला, असलं काहीबाही मनात येत होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. बुवा आले, उशाशी बसले, कनवटीची पिशवी सोडून ज्येष्ठमधाची काडी काढली. “चावू नकोस, नुसती गालात धर.” काडीला बुक्क्याचा वास होता. त्याच पिशवीत बुक्का असतो त्यांचा.

सासवडला पालखी दोन रात्री असते. दुसऱ्या दिवशी सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं, बाकी मौन. तिसऱ्या दिवशी जेजुरीकडे निघालो, रूपाचे अभंग सुरू झाले आणि मला आश्चर्य वाटलं. सूर लागत होता. घसा अजून दुखत होता, पण वर ताणावं लागत नव्हतं. शेजारचे म्हातारे टाळकरी कानाशी म्हणाले, “माउली, पट्टी उतरवलीय. काळी पाचची काळी चार. बुवांनी पहाटेच पखवाज उतरवायला लावला.” पट्टी म्हणजे सगळ्यांनी धरायचा आधार सूर; तो एक पायरी खाली आणला होता.

बुवांना चढी पट्टी प्रिय, सगळ्या दिंडीला ठाऊक आहे. त्या दिवशी दोन-चार जण कुरकुरले, भजन आज पडल्यासारखं वाटतंय म्हणाले. बुवांनी ऐकून घेतलं. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

जेजुरीपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर ज्ञानेश्वरीतला अकरावा अध्याय होता. अर्जुनानेच हट्टाने विश्वरूप मागितलं, आणि दिसल्यावर ते त्याला सोसेना. देव काही अर्जुनाला ‘तुझी पात्रताच नाही’ म्हणाले नाहीत. आपलं एवढं रूप आवरून घेतलं आणि त्याच्या ओळखीचे होऊन पुन्हा समोर उभे राहिले. मला तरी गुरूची माया इथेच सगळ्यात दाट वाटते. शिष्याला उचलून वर नेणारे पुष्कळ भेटतात, त्याच्यासाठी खाली येणारा विरळा. निवृत्तिनाथांच्या कृपेने माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात गीता मराठीत आणली, तेही मला आता तसंच दिसतं. संस्कृतापर्यंत ज्यांचा आवाज पोचत नव्हता, त्यांच्यासाठी. आणि गंमत बघा, ज्ञानोबाराय आपल्या थोरल्या भावाला, गुरूला, आई म्हणून आळवतात आणि आपण ज्ञानोबांना माउली म्हणतो. आईपण असं हातोहात खाली येत गेलं.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला तेव्हा बुवांच्या पांढऱ्या मिशा पिवळ्या झाल्या होत्या. पाया पडायला वाकलो तर तेच आधी माझ्या पाया पडले. वारीतली रीत आहे ती, सगळेच एकमेकांच्या पडतात. पण त्या दिवशी मला उभं राहवेना.

वाल्ह्याचा मुक्काम झाला. काडी गालात होतीच. नीरेच्या पुलाजवळ माउलींच्या पादुकांना स्नान घालायला घेऊन गेले, आम्ही काठावर उभे राहून भजन करत होतो. एका चरणाला माझा आवाज आपसूक वर गेला आणि तिथे टिकला.

बुवांनी वळून मृदंगवाल्या दादांकडे नुसतं पाहिलं. दादांनी पिशवीतून हातोडी काढली आणि सूर पुन्हा चढवायला पखवाजाचे गठ्ठे ठोकायला घेतले.