अडला हरी

सकाळी संडासाचं दार उघडून बाहेर आलो की घरातलं कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघतं. निकाल बघून आलेल्या मुलाकडे बघावं, तसं. विचारत कुणी नाही, विचारायची गरजही नसते. तोंड पडलेलं असेल तर त्या दिवशी माझ्याशी हिशेब, दुरुस्ती आणि पाहुणे या तीन विषयांवर बोलायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. माझा स्वभाव चिडका म्हणून कोठा जड झाला, की कोठा जड म्हणून स्वभाव चिडका झाला, यावर घरात दोन तट आहेत. बायको पहिल्या तटात आहे.

आपल्या भाषेत या कामासाठी जे सभ्य शब्द आहेत, त्यांतले बरेचसे जाण्याचे आहेत. परसाकडे जाणं, बहिर्दिशेला जाणं, किंवा नुसतंच 'जाऊन येतो'. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांचं गेलं की होत असणार. मी वीस वर्षं नेमाने जातो आहे. माझी अडचण जाण्याची कधीच नव्हती, होण्याची होती.

आत बसून मी काय केलं? समोरच्या भिंतीवर उभ्या अकरा आणि आडव्या सात फरश्या आहेत. खालून तिसऱ्या ओळीतल्या एकीला तडा आहे. तो आधी केसाएवढा होता, आता कोपऱ्यापर्यंत पोचलाय, आणि त्याची वाढ माझ्याइतकी बारकाईने कुणीही पाहिलेली नाही. नळ गळका आहे. त्याच्या तोंडाशी थेंब जमतो, फुगतो, लांबट होतो, लोंबतो आणि पडत नाही. पडेल पडेल म्हणता पुन्हा आखडतो. त्या थेंबाबद्दल मला जी आत्मीयता वाटते, ती जवळच्या नातेवाइकांबद्दलही वाटत नाही. प्लंबरला मी अजून बोलावलेलं नाही.

बद्धकोष्ठ झालेल्या माणसाला सल्ला कमी पडत नाही. 'अडला हरी' म्हणतात ते उगाच नव्हे. ज्याने जे सांगितलं त्याचे पाय धरले. उपाशीपोटी तांब्याभर कोमट पाणी प्यायलो, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हात फिरवला, पहाटे उठून येरझाऱ्या घातल्या. एकाने सांगितलं, मनावर घेऊ नकोस. हा सल्ला मी फारच मनावर घेतला.

गोळ्यांचं प्रकरण वेगळं. आतड्याला डिवचून हलवणाऱ्या ज्या गोळ्या असतात, त्या रात्री घेतल्या की साधारण सहा ते बारा तासांत काम करतात. हे मला माहीत नव्हतं. रात्री दहाला एक घेतली. पहाटे पाचला काहीच चिन्ह दिसेना, म्हणून वैतागून दुसरी घेतली. सकाळी साडेदहाला कचेरीतल्या बैठकीत मी उभा राहून बोलत होतो, तेव्हा पहिली पोचली. तिच्या पाठोपाठ दुसरी निघालेली आहे, याची मला पोटातून सूचना मिळाली. 'एक मिनिट' म्हणून जो गेलो, तो बैठक संपल्यावरच परतलो. सहकाऱ्यांना वाटलं, मी आकडे लपवतोय.

या गोळ्यांच्या इतिहासात एक जुना ओळखीचा भेटला, म्हणून जरा थांबतो. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत थेंब थेंब सोडत बसायचो आणि एका थेंबासरशी सगळं द्रावण गुलाबी व्हायचं, ते फिनॉल्फ्थॅलीन आठवतंय? त्याने पोट सुटतं हे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हंगेरीत ध्यानात आलं आणि पुढे कित्येक दशकं ते जगभरच्या रेचकांत घातलं जात होतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्याचा कर्करोगाशी संबंध दिसला, तेव्हा १९९९ साली अमेरिकेने ते दुकानात सहज मिळणाऱ्या रेचकांतून काढून टाकलं. ज्या पदार्थासाठी परीक्षेत माझे दोन मार्क गेले, तो लोकांच्या इतका उपयोगी पडत होता, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर रसायनशास्त्रात गोडी वाटली असती.

विसाव्या शतकाच्या त्या सुरुवातीच्या काळात या दुखण्याची धास्तीच मोठी होती. आतड्यात मळ साठला की त्याचं विष रक्तात भिनतं आणि माणूस हळूहळू खचतो, अशी मोठमोठ्या डॉक्टरांची समजूत होती. ज्याला १९०८ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं, तो जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ मोठं आतडं हे माणसाला नसतं तरी चाललं असतं अशा मताचा होता. लंडनचे शल्यविशारद आर्बुथनॉट लेन यांनी हे मत फारच पुढे नेलं: हट्टी बद्धकोष्ठाच्या रोग्यांचं मोठं आतडं ते चक्क कापून काढत. पुढे तो विषबाधेचा सिद्धांत बारगळला. हे वाचलं त्या दिवशी गळक्या नळासमोर बसून मी स्वतःला बराच सुखी समजलो.

शेवटी डॉक्टरकडे गेलो, तेही लाज गिळून. मी सांगितलं, "रोज होत नाही." त्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "रोज व्हायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं?" दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या हद्दीत कुठेही असलात आणि त्रास नसला तर तुम्ही शहाणेसुरते. आठवड्याला तीनपेक्षा कमी, दरवेळी कुंथावं लागणं, खडे होणं, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, आणि हे महिनोन्‌महिने चालणं, याला ते जुनाट बद्धकोष्ठ म्हणतात. म्हणजे रोज आत जाऊन अर्धा तास झगडणारा माणूस रोगी, आणि एक दिवसाआड दोन मिनिटांत हसत बाहेर येणारा निरोगी. वीस वर्षं मी चुकीची गोष्ट मोजत होतो.

मग त्यांनी खणातून एक कागद काढला. त्यावर सात चित्रं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या डॉक्टरांनी १९९७ साली मांडलेला हा तक्ता. पहिल्या चित्रात लेंड्या, दुसऱ्यात त्याच एकमेकींना चिकटलेल्या, तिसऱ्यात भेगाळलेला लांबोडा, चौथ्यात गुळगुळीत, आणि तिथून पुढे मऊ, सैल, सातव्यात नुसतं पाणी. "तुम्ही कुठे?" मी पहिल्यावर बोट ठेवलं. वीस वर्षं पहिल्या इयत्तेत बसलेला विद्यार्थी. चौथीपर्यंत जायचं, असं ठरलं. ही बहुधा एकमेव शाळा, जिथे सातवीपर्यंत पोचलेल्याची घरच्यांना काळजी वाटते.

मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं आणि स्वभावाने अत्यंत काटकसरी. दिवसाकाठी लिटर-दीड लिटर पातळ ऐवज त्याच्याकडे येतो. त्यातलं पाणी ते शोषून घेतं आणि मळाबरोबर जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर जाऊ देतं. माल जितका जास्त वेळ मुक्कामाला, तितकं पाणी जास्त शोषलं जाणार. वाळलेला मळ खड्यासारखा होतो, खडा टोचतो, टोचतो म्हणून माणूस टाळतो, आणि टाळलं की तो आणखी वाळतो. यात कुणाचा दोष काढायचा? आतडं बिचारं आपलं काम चोख करत असतं.

माझं टाळणं कधी सुरू झालं, ते आता नीट आठवतं. नोकरी लागली ते वर्ष. सकाळची घाई, नंतर कचेरीत सगळ्यांच्या टेबलांसमोरून जावं लागणारं ते एकुलतं एक दार. कळ यायची. मी म्हणायचो, थोड्या वेळाने. गुदाशय ताणला गेला की वर निरोप जातो. आतला स्नायू आपण होऊन सैल होतो, बाहेरचा मात्र आपल्या हुकमात असतो. तो आवळून धरला की काही मिनिटांत कळ ओसरते. जिंकल्यासारखं वाटतं. हाक मारणारा दोनदा मारतो, तीनदा मारतो, मग तोही मारेनासा होतो. गुदाशय ताणाला सरावतो आणि निरोपच मंद होतात. चरकसंहितेत नैसर्गिक वेग अडवू नयेत यावर एक सबंध अध्यायच आहे आणि तिथे असे तेरा वेग मोजलेत. त्यांतल्या जांभईचासुद्धा मान मी बैठकीत ठेवत आलो होतो. फक्त याचा ठेवला नाही.

डॉक्टरांनी इतर औषधांची यादी मागितली. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, रक्तदाबाची काही औषधं, ॲल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधं, सगळी कोठा बांधतात. माझ्या खिशात शेवटचीच होती. वर्षभर छातीतली जळजळ शमवत मी खालचं दार लावून घेत होतो. थायरॉइडची रक्ततपासणी झाली, ती बरी निघाली. मग आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं: रक्त पडतं का? वजन आपोआप उतरलंय का? घरात कुणाला आतड्याचा कर्करोग? पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली का? यातलं एक जरी 'हो' आलं असतं तर पुढची गोष्ट गमतीची राहिली नसती, तपासण्याच कराव्या लागल्या असत्या. चारही 'नाही' आली. त्या दोन मिनिटांत मात्र कोठा कधी नव्हे इतका हलका झाल्यासारखा वाटला.

तंतू वाढवा, दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमपर्यंत, हे सगळेच सांगतात. 'हळूहळू' हा शब्द मी ऐकला नव्हता. इसबगोलाचा भुसा पहिल्याच दिवशी तीन चमचे, तोही घोटभर पाण्यात, मारला. हा भुसा पाणी पिऊन फुगतो, आणि पुरेसं पाणी मिळालं नाही तर आहे तिथेच अडून बसतो. रात्रभर पोट नगाऱ्यासारखं गच्च. दुसऱ्या दिवशी एक चमचा, भरपूर पाण्याबरोबर, आणि दर आठवड्याला थोडी वाढ, असं सुरू केलं तेव्हा कुठे त्याने माणुसकी दाखवली. जोडीला डॉक्टरांनी एक पावडर दिली. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, डिवचत वगैरे नाही. बैठकीच्या दिवशीही घेता येते.

पण खरा चमत्कार केला तो मुलीच्या प्लास्टिकच्या स्टुलाने. गुदाशयाभोवती एक स्नायू गोफणीसारखा पुढून अडकवलेला असतो. एरवी तो ओढून धरतो, त्यामुळे वाट काटकोनात वाकलेली राहते, नळीला पीळ घालून पाणी अडवावं तशी. उकिडवं बसलं की तो सैलावतो आणि वाट बरीचशी सरळ होते. कमोडवर खुर्चीसारखं बसून मी वर्षानुवर्षं पीळ घातलेल्या नळीत जोर लावत होतो. पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल, गुडघे कमरेच्या वर, अंग थोडं पुढे झुकलेलं. आणि श्वास रोखायचा नाही, हे दुसरं. मी दम कोंडून कुंथायचो, तेव्हा नेमका खालचा स्नायूही आवळत होतो. दार आतून ओढून धरायचं आणि स्वतःच धक्के मारायचे, असा प्रकार. काहींचा हा घोळ इतका मुरलेला असतो की पडद्यावर स्नायूंची हालचाल बघत बघत ते ढिले सोडायला शिकावं लागतं. त्या उपचाराला बायोफीडबॅक म्हणतात. माझं स्टुलावर भागलं.

वेळही ठरली. काही पोटात गेलं की मोठं आतडं जागं होतं, सकाळी तर जास्तच. न्याहारीनंतर वीसेक मिनिटांनी जायचं, दहा मिनिटं बसायचं, झालं तर झालं, नाही तर उठायचं. फोन बाहेर. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. फरश्या मोजण्यालाही बंदी घालून घेतलीय, पण तडा कुठवर गेला ते एकदा बघतो.

आता तिसरी-चौथीत असतो. परीक्षेच्या काळात, म्हणजे घरात पाहुणे असले की, परत पहिलीत जातो. मुलगी अधूनमधून वरच्या फळीवरचं काहीतरी काढायला स्टूल शोधत येते आणि ते कुठे आहे हे कळल्यावर "नको, राहू दे" म्हणून जाते.

पुढच्या आठवड्यात चार दिवस एका नातेवाइकांकडे राहायला जायचंय. परक्या घरात माझा कोठा दार लावून घेतो, हा जुना अनुभव. स्टूल बॅगेत बसत नाही. हातात धरून न्यायला बायकोचा सक्त विरोध आहे, तिथल्या लोकांना काय सांगायचं म्हणून. बादली पालथी घालून चालेल, असं मी म्हटलं. करूनही पाहिलं, पण बादली एक आणि पाय दोन. दोन सारखे डबे लागतील. त्यांच्याकडे ते असतील का, आणि साधारण किती उंचीचे, हे फोनवर कसं विचारायचं, यावर काल रात्री आमची बरीच चर्चा झाली. फोन तिने करावा असं माझं मत पडलं.