ओरिजिनल म्हणजे नक्की कधीचं?

बाबांची गाडी कराडला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. वर फाटकी ताडपत्री, चारही टायर बसलेले, आणि मागच्या सीटवर मांजरीनं दोनदा बाळंतपण उरकलेलं. आई दर दिवाळीला म्हणायची हिचं काय ते एकदा ठरवा रे, आणि आम्ही भावंडं दर दिवाळीला फराळ हाणून परत पुण्याला. यंदा शेडच पाडायची निघाली म्हणून ठरवायला लागलं.

घरात सगळे फियाट म्हणतात पण कागदावर ती प्रीमियर प्रेसिडेंट आहे, १९७३ ची. म्हणजे फियाटचं नाव गेल्यावर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९७२ पासून तीच फियाट ११०० प्रेसिडेंट म्हणून विकली आणि १९७४ पासून तिची पद्मिनी झाली. मधली दोनेक वर्षंच हे नाव चाललं. आमच्या डिकीवर मात्र पद्मिनीचाच बिल्ला आहे, कारण जुना कुणीतरी जत्रेत उपटून नेला आणि बाबांना जो मिळाला तो त्यांनी लावला. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडणार आहे.

तर गाडीचं करायचं काय यावर माझ्या ओळखीत सरळ दोन पार्ट्या. एक म्हणते गाडी पूर्ण खोल, पत्रा उघडा कर, रंग, क्रोम, सीट सगळं नवीन, शोरूममधून आत्ता आणली असं वाटलं पाहिजे. दुसरी म्हणते खबरदार हात लावलास तर. या दुसऱ्या पार्टीकडे हल्ली दाखवायला भारी उदाहरण आहे, २०२४ ला अमेरिकेत पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या शोमध्ये पहिलं बक्षीस १९३४ च्या एका बुगाटीला मिळालं, आणि ती रिस्टोर न करता जपलेली, उडालेल्या रंगाचीच गाडी होती. तिथं एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. पण ती बुगाटी बेल्जियमच्या राजाकडे होऊन आलेली, आमची कराडच्या एसटी स्टँडसमोर पार्क होऊन आलेली, त्यामुळे ते उदाहरण किती ताणायचं हा प्रश्नच आहे.

मी मनातून दुसऱ्या पार्टीचा, पण घाबरत घाबरत. म्हणून ठरवलं की रंग ठेवायचा, फक्त घासून पुसून चमकवायचा. पुण्यातल्या एका गॅरेजला गाडी टेम्पोवरून नेली (नाव लिहीत नाही, भांडण मिटलंय) आणि तीन तीनदा सांगितलं की हातानं पॉलिश करा, मशीन लावू नका. दुसऱ्या दिवशी गेलो तर पोरानं टपावर मशीन फिरवलेलं, क्रीम रंग गेला, खालचा करडा प्रायमर दिसला आणि मधोमध तळहाताएवढा फिकट निळा ठिपका. मी आधी चिडलो, चांगला अर्धा तास चिडलो, आणि मग डोक्यात आलं की अरे, निळा??

आईला फोन केला. आई म्हणाली, हो मग, निळीच होती की, तुझ्या ताईच्या लग्नाआधी बाबांनी रंगवून घेतली, तुला कसं आठवेल तू दीड वर्षाचा होतास. डिकीतलं मॅट उचललं तर कोपऱ्यात निळा रंग जसाच्या तसा.

आता आली का पंचाईत. जो रंग मी ओरिजिनल म्हणून जिवापाड जपायला निघालो होतो तो १९८८ मध्ये कराडच्याच कुठल्यातरी पेंटरनं मारलेला. कंपनीची गाडी पाहिजे असेल तर बाबांचा रंग खरवडायचा, आणि बाबांची गाडी पाहिजे असेल तर ती कंपनीसारखी नाहीच. डॅशबोर्डवर तीन भोकं आहेत, बाबांनी छोटा पंखा बसवला होता त्याच्या स्क्रूची. पहिल्या पार्टीतला मित्र म्हणाला ती आधी वेल्ड करून बुजव. आमच्या लहानपणी मे महिन्यात खंबाटकी चढताना रेडिएटर उकळायचा, गाडी बाजूला लावून बाबा कॅनमधून पाणी ओतायचे आणि तेवढ्या वेळात तो पंखा आम्हा तिघांच्या तोंडावर आळीपाळीनं वळवायची ड्युटी माझी. ती भोकं बुजवून मी कुठल्या १९७३ ला जाणार होतो?

ताईला विचारलं, तिनं एका वाक्यात संपवलं, निळी केलीस तर मी बसणार नाही.

बरं रंगाचं एक वेळ भावनेवर सोडू, पण पत्र्याला भावना नसतात. या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच चेसिस, म्हणजे खालचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या सडल्या की गाडीचा कणाच गेला. आता गाडी ज्यांच्याकडे आहे त्या कराडच्या मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टोचला, आरपार. पूर्वी कुणीतरी तिथं लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरून वर काळा रंग फासलेला. इथं ‘आहे तशी ठेवा’ म्हणणाऱ्यांनी स्वतः बसून कात्रज उतरून दाखवावा. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यांचे रबर दगड झालेले. आणि पेट्रोलचं वेगळंच, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, त्यानं त्या काळचे पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल-पंपाचा पडदा फुगतात नाहीतर चिरतात. ओरिजिनल पाइप ठेवून ओरिजिनल आग लागली तर कौतुक कोण करणार. हे सगळं बिनधास्त बदलायचं ठरलं. काढलेलं मात्र फेकायचं नाही, एका खोक्यात घालून ठेवायचं, हा मिस्त्रींचाच नियम.

मध्ये व्हिंटेज नोंदणीचं डोक्यात आलं होतं. २०२१ पासून नियम आहे, ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असलेली आणि बॉडी, चेसिस, इंजिनात मोठी ढवळाढवळ न केलेली. नवीन नोंदणीला २० हजार फी, दहा वर्षांची मुदत, नंतर परत नोंदणीला ५ हजार. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हे छान. पण मग ती रोज रस्त्यावर काढायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढीच. आईला रविवारी कृष्णा-कोयनेच्या संगमावर न्यायचं हे कुठल्या रकान्यात बसतं? तेव्हा ते सध्या राहू दे.

सामानाची वेगळीच रड. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर कुर्ल्याला सीएसटी रोडला काय वाटेल ते मिळायचं म्हणतात. ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. मी दोन शनिवार तिथं उन्हात हिंडलो, एका दाराची त्रिकोणी काच मिळाली, आणि गंमत म्हणजे एक प्रेसिडेंटचा बिल्ला मिळाला. दुकानदारानं माझा चेहरा बघूनच भाव दुप्पट केला असणार. घेतला. घरी येऊन टेबलावर ठेवला आणि तिथंच आहे, कारण डिकीवरचा पद्मिनीचा बिल्ला बाबांनी स्वतः लावलाय, एक स्क्रू दुसऱ्या जातीचा आहे त्यात.

गाडी सध्या कराडलाच त्या मिस्त्रींकडे आहे, खालचा पत्रा कापून नवीन जोडलाय, ब्रेकचं किट यायचंय. टपावरचा निळा ठिपका मिस्त्री म्हणाले जुळवून क्रीम मारून देतो, कळणार पण नाही. मी म्हटलं नुसता वर बिनरंगी क्लिअर कोट मारा, गंज चढायला नको. ते बघतच राहिले. ताईला अजून हे सांगितलेलं नाही.