५५च्या रस्त्यावर ७७

२७ नोव्हेंबर २०२४. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या आदल्या दिवशी मी न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला आतेभावाकडे निघालो होतो. या दिवशी अख्खी अमेरिका रस्त्यावर असते आणि वॉशिंग्टनच्या खाली आय-९५ वर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. म्हणून दादाने आधीच सांगून ठेवलं होतं, "वॉशिंग्टनजवळ आय-६६ घे आणि गेन्सव्हिलपासून २९ नंबरचा रस्ता धर. शार्लट्सव्हिल, लिंचबर्ग, डॅनव्हिल करत ग्रीन्सबरोला निघशील."

व्हर्जिनिया राज्यातला हा रस्ता खरंच छान होता. दोन जायला, दोन यायला, मध्ये गवताचा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना टेकड्या. पण तो हायवेसारखा एकसारखा नाही. मोकळ्या भागात मर्यादा ताशी ६० मैल, मग ५५, गाव आलं की ४५, गाव संपलं की पुन्हा वर. मी सकाळपासून ६५-७०च्या रस्त्यांवर होतो आणि पायाला तोच वेग बसला होता. साडेसातच्या सुमारास, पूर्ण अंधारात, एक उतार संपला आणि आरशात निळे दिवे दिसले.

आपल्याकडे पोलिसाने हात केला की आपण गाडी बाजूला घेऊन उतरतो आणि कागद घेऊन साहेबांकडे चालत जातो. इथे उतरायचं नाही. आतला दिवा लावायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि ते येईपर्यंत बसून राहायचं. कागद डॅशबोर्डच्या खणात असतील तर "काढू का?" असं विचारून मगच हात घालायचा. इकडे मुलं पाठवणाऱ्या आईवडिलांनी ही एक गोष्ट तरी त्यांना आवर्जून सांगा. मला माझ्या सीनिअरने पहिल्याच आठवड्यात सांगितली होती, त्याचे उपकार त्या रात्री आठवले.

पोलीस पलीकडच्या खिडकीशी आला. आवाज अगदी सौम्य. ५५च्या भागात ७७ने जात होतास, म्हणाला. आपल्या हिशेबाने ताशी ८८ किलोमीटरच्या रस्त्यावर १२४. दहा मिनिटांनी त्याने एक कागद आणला आणि सही करायला सांगितली. "ही सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नाही. तारखेला कोर्टात येईन, एवढंच वचन आहे." मी सही केली. तो गेल्यावर दिव्याखाली कागद पाहिला. दंडाची रक्कम शोधली, ती कुठेच नव्हती. होती ती जानेवारीतली एक तारीख, सकाळची वेळ आणि एक कलम: ४६.२-८६२.

पुढच्या पेट्रोलपंपावर थांबून मी ते कलम फोनवर वाचलं. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल किंवा त्याहून जास्त वेगाने गेलं, किंवा मर्यादा काहीही असो, ८५च्या वर गेलं, तर ते नुसतं 'स्पीडिंग' राहत नाही. ते 'रेकलेस', म्हणजे बेदरकार ड्रायव्हिंग होतं. २०२०च्या जुलैपर्यंत तर ही ८५ची रेघ ८०वर होती. रेकलेस हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, पहिल्या वर्गाचा मिसडिमीनर (गंभीर गुन्ह्याच्या खालची पायरी): १२ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत लायसन्स निलंबित. ७४ने गेलो असतो तर साधं तिकीट. तीन मैलांनी मी गुन्हेगारीच्या खात्यात गेलो होतो. वय २३, हातात विद्यार्थी व्हिसा, घरी वीस लाखांचं शैक्षणिक कर्ज. त्या पंपावर मी अर्धा तास बसून होतो, गाडी सुरू करायचं धैर्य होत नव्हतं.

दादाच्या घरी पोचल्यावर सल्ल्यांची रीघ लागली. एक जण म्हणाला, ऑनलाइन भरून मोकळा हो. दुसऱ्याने पुण्याहून कळवलं, "तू कुठे त्या राज्यात राहतोस? सोडून दे." एकाने रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचं वेग मोजणारं रडार आधीच ओळखणारं यंत्र, घ्यायला सांगितलं. ते यंत्र व्हर्जिनियात गाडीत लावायलाच बंदी आहे, म्हणजे त्याचं वेगळं तिकीट.

पुण्याच्या मित्राचं मला समजतं. आपल्याकडे एक्सप्रेसवेवर शंभरच्या पुढे गेलं की कॅमेरा टिपतो, मोबाइलवर ई-चलान येतं आणि पुष्कळ लोक लोकअदालतीची वाट पाहत ते तसंच ठेवतात. त्या सवयीने इकडे वागायला गेलं की घात होतो. अमेरिकेत लायसन्स राज्य देतं, पण बहुतेक राज्यांनी आपसात दोन करार केलेले आहेत. एकानुसार परराज्यातल्या शिक्षेची खबर तुमच्या राज्याला जाते, म्हणजे ड्रायव्हर एक आणि त्याचं रेकॉर्डही एकच. दुसरा १९७७चा: परराज्यातलं तिकीट दुर्लक्षित केलं तर तुमचं स्वतःचं राज्य तुमचं लायसन्स निलंबित करू शकतं. आणि माझ्यासारखं फौजदारी समन्स असेल, तर तारखेला न जाण्याने अटकेचं वॉरंट निघू शकतं. ते कायम तुमच्या नावावर बसून राहतं आणि पुढे कधीतरी विमानतळावर नाहीतर दुसऱ्या एखाद्या पोलिसाच्या संगणकावर उगवतं.

लगेच भरून टाकणंही वाईटच. पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. साध्या स्पीडिंगला व्हर्जिनियात ती सोय असते, रेकलेसला सहसा नसते, तिथे कोर्टच गाठावं लागतं. पण साध्या तिकिटातही भरायच्या आधी आपल्या राज्यात त्याचं काय होतं ते बघावं. न्यू जर्सी परराज्यातल्या अशा शिक्षेला लायसन्सच्या रेकॉर्डवर सरसकट दोन पॉइंट, म्हणजे दोषांक, लावते. शेजारचं न्यूयॉर्क दुसऱ्या राज्यातल्या तिकिटांचे पॉइंट धरत नाही, मात्र कॅनडातल्या ओन्टारिओ आणि क्यूबेकचे धरतं. आणि जिथे तिकीट मिळालं तिथलेही नियम निराळे. नॉर्थ कॅरोलायनात १५ मैलांहून जास्त ओलांडलं की तो लहानसा का होईना पण गुन्हा. जॉर्जियात ८५ गाठली की कोर्टाच्या दंडावर राज्याचे वेगळे २०० डॉलर. राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो, ही गोष्ट नाशिकहून सुरतेला बिनधास्त जाणाऱ्या आपल्या डोक्यात लवकर शिरत नाही.

मी त्या कौंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कोर्टात रोज उभा राहणारा एक स्थानिक वकील गाठला. फी ९०० डॉलर. तेव्हाच्या भावाने पंच्याहत्तर हजारांच्या वर रुपये. मी पार्ट-टाइम नोकरीत साठवलेले होते, ते गेले. वकील परवडत नसेल तर लोक स्वतःच जातात आणि साध्या प्रकरणात ते चालूनही जातं. पण कलम फौजदारी असेल आणि आपण परदेशी नागरिक असू, तर इथे पैसे वाचवू नयेत, हे माझं ठाम मत आहे. त्याने मला तीन कामं सांगितली: न्यू जर्सीच्या मोटार वाहन खात्याकडून माझ्या रेकॉर्डची प्रत काढायची, गाडीच्या स्पीडोमीटरची तपासणी करून प्रमाणपत्र आणायचं, आणि आठ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा कोर्स कोर्टाने सांगायच्या आधीच पूर्ण करायचा. माझा स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा दोन मैल कमी दाखवत होता. त्याचा थोडा फायदा होईल, असं वकील म्हणाला.

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयालाही मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. लपवावंसं फार वाटत होतं. त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: निकालाची सही-शिक्क्याची प्रत कोर्टातून घे आणि जन्मभर जपून ठेव. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात अटक किंवा शिक्षा झाली आहे का, असा प्रश्न असतो, तिथे अंदाजाने काही लिहायचं नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून आणि कागद समोर ठेवून खरं तेच लिहायचं. या सल्ल्याची किंमत मला २०२५च्या एप्रिलमध्ये कळली. त्या महिन्यात देशभरातल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस या सरकारी नोंदवहीतल्या नोंदी एकाएकी बंद केल्या गेल्या. त्यांतल्या कित्येकांच्या नावावर जुन्या ट्रॅफिकच्या प्रकरणापलीकडे काही नव्हतं. ठिकठिकाणच्या न्यायालयांत दावे गेले, महिनाअखेरीला सरकारने नोंदी पूर्ववत करायला घेतल्या. माझी नोंद शाबूत होती. पण ते तीन आठवडे मी ज्या अवस्थेत काढले, ते कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

घरी मात्र तिकीट मिळाल्यावर मी नऊ दिवस काही बोललो नव्हतो. त्याचं कारण अण्णा. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, साताऱ्याकडच्या आगारात, एकतीस वर्षं. पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्या कपाटात अजून आहे. खंबाटकीच्या घाटात पावसाळ्यात, धुक्यात, पन्नास जीव पाठीशी घेऊन त्यांनी गाडी चालवली. मी लहान असताना सुट्टीत त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायचो. ठराविक वेगाच्या वर गाडी जाऊ नये म्हणून नंतर यंत्र बसवलं, तेव्हा बाकीचे ड्रायव्हर कुरकुरले. अण्णा म्हणाले होते, मला काय फरक पडतो. त्या माणसाला मी कसं सांगणार, की तुमच्या पोराला बेदरकार गाडी चालवली म्हणून कोर्टाने बोलावलंय.

आईने आवाजावरून ओळखलं. "काय लपवतोयस?" मग सगळं बाहेर आलं. अण्णांनी फोन घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणाला लागलं का?"

"नाही अण्णा."

"गाडीत कोण होतं?"

"मी एकटाच."

थोडा वेळ फोनवर काही आवाज नव्हता. मग म्हणाले, "किती तास चालवत होतास?" मी सांगितलं, जवळपास आठ, मध्ये एकदाच थांबलो. "तिथं चुकलं," ते म्हणाले. "आम्हाला कंट्रोलरनं उतरवलं असतं." पैशाचं एक अक्षर काढलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला फोन ठेवल्यावर वाटलं.

जानेवारीत तारखेच्या आदल्या दिवशीच मी तिकडे जाऊन मुक्काम केला. सकाळी कोर्टाच्या दारात कळलं की मोबाइल आत नेता येत नाही, तो गाडीत ठेवून आलो. लाकडी बाकांवर साठ-सत्तर माणसं होती. बहुतेक माझ्यासारखीच तरुण, बरेच परराज्यातले, काहींच्या शेजारी आईवडील. नावं पुकारली जात होती आणि एकेक प्रकरण दोन-तीन मिनिटांत संपत होतं. माझ्या पुढच्या मुलाचा वेग ९८ होता. वकील नव्हता, कागद नव्हते, आणि न्यायाधीशांनी विचारल्यावर तो रडायलाच लागला. त्याला पुढची तारीख देऊन वकील बघायला सांगितलं. त्याच्या आईचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

माझं नाव आलं. ज्याने थांबवलं होतं तोच पोलीस साक्षीला उभा राहिला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, वर हेही म्हणाला की हा मुलगा नीट, आदराने बोलला. वकिलाने तिन्ही कागद पुढे केले. न्यायाधीश वृद्ध होते. त्यांनी प्रमाणपत्रं वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कोर्स तू स्वतःहून केलास? हो म्हणालो. त्यांनी रेकलेसचं कलम काढून साधं स्पीडिंग लावलं, ५५मध्ये ७४. दंड आणि कोर्टाचा खर्च भरला, खिडकीवर निकालाची प्रत घेतली. गुन्हा राहिला नाही, ट्रॅफिकचं उल्लंघन राहिलं.

न्यू जर्सीच्या रेकॉर्डवर दोन पॉइंट आले. वर्षभर काही आगळीक केली नाही तर तीनपर्यंत पॉइंट वजा होतात, म्हणजे तेही जातील. विम्याचा सहा महिन्यांचा हप्ता १,१४० डॉलरवरून १,४१० झाला. पंचविशीच्या आतल्या ड्रायव्हरचा विमा इकडे मुळातच महाग असतो, त्यावर हा बोजा.

परत येताना मी त्याच रस्त्याने आलो आणि त्या रात्रीची बाजू दिसावी म्हणून चार मैल मागे जाऊन वळलो. दिवसा सगळं वेगळं दिसत होतं. उताराच्या डोक्यावर एक शेत, एक लाल कोठार, आणि उतार सुरू व्हायच्या आधी रस्त्याच्या उजव्या हाताला पाटी. पांढऱ्यावर काळे आकडे, ५५. झाडाआड नव्हती, वाकलेली नव्हती. इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो होतो की पाटी नसणार.

पुढच्या गावात थांबून अण्णांना फोन लावला. साताऱ्यात रात्रीचे बारा वाजून गेले होते, तरी पहिल्या रिंगला उचलला. निकाल सांगितला. मग म्हणालो, "अण्णा, पाटी होती."

"असणारच," ते म्हणाले. "आता जेव, तासभर पड आणि मग निघ."