फुटाच्या भावाचा धंदा: आमची वाटचाल

२००४ साली लातुरात आमची बोअरची गाडी आली, तेव्हा धंदा सोपा होता. फुटाला भाव. जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला की जागा ठरली. तोच नारळ तिथे फोडायचा आणि आम्ही रॉड जोडत खाली जायचं. पाणी लागो न लागो, बिल ठरलेलं.

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्या महिन्यात गाडीला उसंत नव्हती. एका रात्री औसा तालुक्यात सातशे फूट गेलो. वर नुसती करडी धूळ. शेतकरी गाडीच्या उजेडात उभा, भुवया धुळीने पांढऱ्या. "अजून दोन रॉड टाका, दादा." टाकले. पैसेही घेतले. काळ्या पाषाणात पाणी असतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात, भेगांत. त्याखाली सगळं नशिबावर, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. भूजल कायदा ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या पुढे गेलं की 'खोल विहीर' म्हणतो. आमची गाडी तिथे कुठे नुकती तापायची.

त्याच पावसाळ्यात पहिलं पुनर्भरण, म्हणजे पावसाचं पाणी बोअरवाटे जमिनीत मुरवायचं काम, केलं आणि नासवलं. ओढ्याचं पाणी थेट बोअरमध्ये सोडलं; दोन पावसांत तो गाळाने बसला. कॉम्प्रेसर लावून फुकट धुऊन दिला, तरी पहिल्यासारखं पाणी आलं नाही.

आता बोअरभोवती खड्डा घेतो. त्यातल्या केसिंगला, म्हणजे बोअरच्या तोंडाकडच्या पाइपला, भोकं पाडून वर नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळायची. तळाला मोठे दगड, मग खडी, वर वाळू. आणि त्याआधी गाळ बसायला वेगळा छोटा खड्डा. नेमका तोच वाचवायला लोक बघतात, तिथे मी भांडतो. घराच्या पत्र्याचं पाणी सगळ्यात बरं, फक्त पहिला पाऊस बाहेर सोडायचा. हजार चौरस फूट पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे नऊ हजार लिटरच्या वर पाणी. पण पुनर्भरणाच्या भरवशावर उसाचं क्षेत्र वाढवणाऱ्याला आधीच सांगतो, हे पुरायचं नाही. काही जण तेवढ्यावरच फोन ठेवतात.

२०१९ला गाडी विकली. मिळकत निम्म्यावर आली, भाऊ अजून ऐकवतो.

ऑक्टोबरात आणि मेमध्ये ओळखीच्या विहिरींत दोरी सोडून पातळी मोजतो, वहीत लिहितो. सातशे फुटांच्या त्या शेतकऱ्याच्या जुन्या विहिरीचंही एक पान आहे. पुनर्भरण त्याने दुसऱ्याकडून करून घेतलं. मोजायला मात्र येऊ देतो.