मोरीतला बोका

मे महिन्यातली दुपार, पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला. सकाळचे पेशंट संपवून मी डबा उघडला आणि फोन वाजला. जवळच्या जुन्या वाड्यातल्या आजी. "डॉक्टर, बंडू सकाळपासून मोरीत पडून आहे. हाक मारली तरी मान वर करत नाही."

"उकाडा आहे हो आजी. फरशी गार लागत असेल. जवळ पाणी ठेवा," मी म्हणाले. दहा वर्षं मांजरं तपासून दिलेलं हे उत्तर! आठवलं की अजून लाज वाटते.

फोन ठेवणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, "उकाडाच म्हणावा, तर मनी कशी पत्र्याखाली कपाटावर पसरलीये?"

घास हातातच राहिला.

मनी आणि बंडू एकाच वेतातली. लस द्यायला गेले होते तेव्हा दोघांच्या जागा मी पाहिल्या होत्या. मनी लाकडी कपाटावर, बंडू गोदरेजच्या कपाटावर दुलयांच्या गठ्ठ्यात. आपण घामाघूम होतो त्या हवेत मांजर निवांत असतं. साधारण ३० ते ३८ अंशांत त्याच्या शरीराला ऊब राखायला किंवा गारवा मिळवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. म्हणून तर ते सेट-टॉप बॉक्सवर बसतं, इस्त्रीच्या कपड्यांवर बसतं, नुकत्याच आणून लावलेल्या स्कूटरच्या सीटवर बसतं. शिवाय त्याला उंची लागते. पाठीला भिंत आणि समोर दार दिसलं की झालं. पाय भिजले तर तासभर चाटत बसणारा हा बोका ऊब, उंची, दुलया सगळं सोडून ओल्या मोरीत कशाला जाईल?

"आजी, लघवी करतोय का?"

"सारखा बसतोय, जोर करतोय, होत काहीच नाही. पोट साफ नसेल. चमचाभर एरंडेल देऊ?"

"काही देऊ नका. रिक्षा करा आणि या. आत्ता."

बंडू आला तो भाजीच्या पिशवीतून, नुसतं डोकं बाहेर. एरवी टेबलावर ठेवताच ओरबाडणारा प्राणी. आज ठेवला तसाच पडून राहिला. पोटाला हात लावला, तर मूत्राशय मोसंब्याएवढं, टणक. थर्मामीटरवर ३६.४. मांजराचं अंग ३८-३९ असायला हवं. म्हणजे बाहेर रस्ता भाजत होता आणि हा गार पडत चालला होता. घाबरलेल्या मांजराचे ठोके २००च्या घरात जातात, याचे जेमतेम ११०.

बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. स्फटिक आणि चिकट स्राव मिळून तिथे बूच बसतं. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय मंदावतं. एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. बंडू मोरीत गारव्याला गेलाच नव्हता. लघवी करायला गेला आणि परतायचं बळ उरलं नाही.

आधी हृदय सांभाळायला शिरेतून कॅल्शियम, मग सलाईन, मग बेताची भूल. कॅथेटर पहिल्यांदा अडकलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा सिरिंजने सलाईनचा दाब देत सरकवताना बोटांना वाळूसारखी करकर जाणवली आणि पुढची वाट मोकळी झाली. लालभडक लघवी ट्रेमध्ये उतरू लागली. माझ्या मदतनिसाने "सुटला!" म्हणून एवढ्या जोरात आरोळी ठोकली, की बाहेर बाकावर बसलेल्या आजी रडायलाच लागल्या. 'सुटला'चा त्यांनी दुसराच अर्थ घेतला होता. त्यांना आत आणून लघवीची पिशवी दाखवली, तेव्हा कुठे पटलं.

तीन दिवस तो दवाखान्यात राहिला. पिंजऱ्यात मऊ टॉवेल घातला होता. दोन दिवस त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या सकाळी टॉवेल ओढून, त्याचा ढीग करून वर बसलेला दिसला. त्या दिवशी रक्ताचे रिपोर्टही बरे आले, पण कॅथेटर काढायचं माझं मन त्याआधीच झालं होतं.

घरी गेल्यावर ओलं खाणं आणि जागोजागी पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगितलं. हे दुखणं उलटू शकतं, म्हणून आठवडाभर रोज फोन करत होते. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न खाण्याचा नव्हताच. "कुठे झोपलाय?"

"गोदरेजवर," आजी म्हणाल्या, "पण तुम्ही दिलेल्या औषधांच्या पिशवीवरच बसलाय. हात लावला की फिस्स करतो. आता गोळी कशी काढू?"