तुम्ही विचारलंत म्हणून: 'ओरूनोको'तली कॉमेडी कापायची का?

हे नाटक कुणाला वाचायला दिलं की आठवड्याभरात हाच प्रश्न येतो, की अहो एवढी शोकांतिका चाललीये आणि मध्येच त्या दोन बहिणींचा नवरे गटवायचा धुडगूस कशाला, तेवढं कापलं तर? कापता येतं की. १७५९ मध्ये हॉक्सवर्थ नावाच्या इंग्रज लेखकाने कापलंच होतं आणि तेव्हाचा मोठा नट गॅरिक याने ते लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला केलंही. पण माझं उत्तर नाही असंच आहे.

गोष्ट थोडक्यात. थॉमस सदर्नचं १६९५चं नाटक, अफ्रा बेन या इंग्रज लेखिकेच्या १६८८च्या कथेवरून. जागा दक्षिण अमेरिकेतलं सुरीनाम, तेव्हा इंग्रजांची वसाहत. आफ्रिकेतला राजपुत्र ओरूनोको, त्याला एक कॅप्टन पाहुणा म्हणून जहाजावर बोलावतो आणि सरळ गुलाम म्हणून विकतो. बायको इमोइंडा आधीच तिथे विकली गेलेली आणि तिच्यावर गव्हर्नरचा डोळा. शेवटी दोघंही जातात. आणि दुसरीकडे लंडनात लग्न जमेना म्हणून इथे आलेल्या शार्लट आणि ल्यूसी, त्यात शार्लट पुरुषाच्या वेशात, तिच्यावर श्रीमंत विधवा लॅकिटबाई फिदा, ल्यूसीला त्या विधवेचाच बावळट मुलगा, सगळा सावळागोंधळ.

एमएला असताना आम्ही हे वर्गात वाचलं तेव्हा लॅकिटबाई माझ्याकडे होती. पहिल्याच अंकात जहाजावरच्या माणसांची चिठ्ठ्या टाकून वाटणी होते आणि ही कॅप्टनवर उखडते, माझ्या वाट्याला सहा आले आणि त्यात एक पुरुष नाही, सगळ्या बायका नि पोरं! मी ते मंडईत सडका कांदा परत करणाऱ्या बाईसारखं वाचलं, वर्ग जाम हसला, मीही खूश. रात्री परत वाचताना लक्षात आलं की त्या सहा जणांना साधी नावंसुद्धा नाहीत. आता कॉमेडी कापली की हा आवाजच जातो, उरतं फक्त राजपुत्राचं उदात्त दुःख, आणि राजपुत्रासाठी रडणं फार सोपं असतं हो. बाजार दिसतो तो या बाईमुळे. तीच नंतर पुरुष समजून शार्लटशी लग्न करते, म्हणजे तिथेही मालात फसतेच.

सदर्नला फार डोक्यावर घ्यायला नको, बेनची काळी इमोइंडा त्याने गोरी करून टाकली आणि बहिणींना नवरे मिळतात, इमोइंडाला सुरी.

एक मात्र सांगतो. १७४९ मध्ये लंडनला कॉव्हेंट गार्डन थिएटरमध्ये हे नाटक बघायला विल्यम आन्सा सेसाराकू आला होता, आजच्या घानातल्या अनोमाबूच्या बड्या सरदाराचा मुलगा, त्यालाही एका कॅप्टननेच फसवून बार्बाडोसला विकलेलं, नंतर सोडवून आणलेला. चौथ्या अंकाअखेर त्याला बसवेना, तो उठून गेला. कॉमेडी अजून कापलेली नव्हती, त्यामुळे लॅकिटबाईचा तो सीन त्याने बसून बघितला असणार, आजूबाजूचं हसू ऐकत.